अप्पांचा चौथा बी फॉर्म

१

शालिनीवहिनींचा फोन आला तेव्हा मी एका अंजिरी साडीला फॉल लावत होते. सकाळचे पावणेदहा.

"वेणूअक्का, मशीन बंद करा आणि या. येताना कुणाशी बोलू नका."

"काय झालं?"

"फोनवर नको. आजच्या दिवशी इथं भिंतीलासुद्धा मतदानाचा हक्क आहे."

हुबळीच्या दाजीबानपेठेत माझं पिको-फॉलचं दुकान आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. त्याआधी वीस वर्षं मी वरच्या मजल्यावर, मुधोळ्यांच्या साडीच्या दुकानात कामाला होते. माणसं माझ्याकडे साड्या आणतात आणि कधीकधी हरवलेल्या वस्तूही. एकदा देवळातली घंटा शोधून दिली, एकदा लग्नाआधी पळालेला नवरदेव. घंटा परत टांगली. नवरदेवाचं काय झालं ते मी विचारलं नाही.

मी साडी गुंडाळून रिक्षात बसले. मुधोळेअप्पा म्हणजे आमचे आमदार, मधुकरअप्पा. तीनदा निवडून आलेले. पंधरा वर्षांपूर्वी पक्षातल्या दोन गटांचं भांडण मिटेना, तेव्हा कुणाचाच राग नसलेला माणूस म्हणून यांचं नाव निघालं. तोवर ते दुकानात गादीवर बसून साड्यांच्या घड्या घालत होते. अप्पा कुणालाच 'नाही' म्हणत नाहीत. बदली मागा, नळ मागा, पोराला कॉलेजात जागा मागा, ते मान हलवून कन्नडमध्ये 'नोडोण' म्हणतात, म्हणजे बघूया. त्यातलं निम्मं ते खरंच बघतात. म्हणून तीनदा.

देशपांडे नगरातल्या घराबाहेर जीप, झेंडे, ढोलवाले, सगळं तयार होतं. आज अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता आणि मुदत दुपारी तीनची. अप्पांच्या पत्नी शालिनीवहिनी मला मागच्या दारानं थेट देवघरात घेऊन गेल्या आणि गणपतीमागून एक प्लॅस्टिकची फाईल काढली. तिच्यावर कालचं जास्वंद अजून चिकटलेलं होतं.

"परवा बेंगळुरूहून बी फॉर्म आला, तो यात ठेवला होता. साडेनऊला यांच्या पीएनं, शेषगिरीनं, झेरॉक्सला काढायला फाईल उघडली."

बी फॉर्म म्हणजे हा आमचा उमेदवार, असं पक्षानं सहीशिक्क्यानिशी लिहून दिलेला कागद. तो तीनच्या आत कचेरीत पोचला नाही तर पक्ष नाही, चिन्ह नाही. पंधरा वर्षांचा आमदार रांगेतला एक अपक्ष होऊन उभा राहणार. दुसरा मागवायचा तर सही करणारे साहेब चारशे किलोमीटरवर.

मी फाईल उघडली. आत कुणाच्या तरी वास्तुशांतीची पत्रिका होती.

२

कागद नुसता हरवलेला नव्हता. कुणीतरी तो काढून घेतला होता आणि फाईल रिकामी दिसू नये म्हणून पत्रिका सारली होती. म्हणजे घरातलंच माणूस.

संदीप, अप्पांचा धाकटा भाऊ, दिवाणखान्यात येरझाऱ्या घालत होता. दुकान आता तो बघतो. एमबीए करून आला तो थेट गल्ल्यावर बसला, कापडाला हात म्हणून लावला नाही. त्याच्या हातात दोन मोबाईल होते.

"दुसरा कुणाचा?" मी विचारलं.

"शेषगिरीचा. काढून घेतला. अक्का, शोधायचं काय आहे यात? सकाळी सातला हाच घराबाहेर पडला, नऊला आला. आणि गेल्या आठवड्यात दोनदा समोरच्या पार्टीच्या माणसाबरोबर चहा पिताना लोकांनी पाहिलाय."

"आणि तुला तिकीट हवं होतं, ते?"

"हवं होतं की! मागितलं, दिलं नाही, विषय संपला. पण फॉर्म गेला तर मला काय मिळणार? आमचं चिन्हच जाणार. मी काय वेडा आहे?"

हे त्याचं बरोबर होतं. संदीप वेडा नाही, नुसता मोठ्यानं बोलतो.

शेषगिरी बाहेरच्या ओट्यावर चपला घालून बसला होता, उठून जायच्या तयारीनं, पण जात नव्हता. पंधरा वर्षं अप्पांचा पीए. कुणाचा अर्ज कुठल्या टेबलावर अडलाय ते याला पाठ असतं. डोळे लाल झाले होते.

"चहा पीत होतास म्हणे."

"तो माणूस माझ्या मुलीचा होणारा सासरा आहे, अक्का. साखरपुडा कुठं करायचा ते ठरवत होतो. निवडणूक झाल्यावर अप्पांना सांगणार होतो. आता काय सांगू? चोराच्या पोरीचं लग्न म्हणून?"

"सकाळी कुठं गेला होतास?"

"धारवाडला. वादिराज मास्तरांना शाल द्यायला. दर निवडणुकीला अर्ज भरायच्या सकाळी अप्पा स्वतः जातात, मास्तरांना शाल घालतात, पाया पडतात. या वेळी म्हणाले, उशीर होईल, तूच देऊन ये."

"शाल तुला कुणी दिली?"

"हॉलमधल्या टेबलावर पिशवीत ठेवलेली होती."

शालिनीवहिनींना विचारायचं जिवावर आलं होतं, पण त्यांनीच सुरुवात केली. "माझ्यावर संशय घ्या, चालेल. हे चौथ्यांदा उभे राहू नयेत म्हणून मी भवानीला ओटी बोललेय. पण देवीला सांगणं वेगळं. कागद चोरायचा असता तर पहिल्याच वेळी चोरला असता, पंधरा वर्षं वाचली असती."

राहिले अप्पा. ते स्वयंपाकघरात टेबलाशी बसून उप्पीट खात होते. घरकामाची यल्लव्वा वाढत होती.

"ये वेणू, बस. यल्लव्वा, हिला दे. मलाही थोडं."

"हे दुसऱ्यांदा की तिसऱ्यांदा?" वहिनी म्हणाल्या.

"दुसऱ्यांदा. काजू घातलेत आज."

"अप्पा, कागद कुणी घेतला असेल?"

"नोडोण," अप्पा म्हणाले आणि लिंबू पिळलं.

यल्लव्वानं उप्पिटाचं पातेलं उचललं. पातेल्याखाली एक पांढरा पुठ्ठा होता, कागदाएवढा, कडा अगदी कोऱ्या. त्याच्या कोपऱ्याला जांभळ्या लोकरीचं एक कुसळ चिकटलं होतं.

"यल्लव्वा, हा पुठ्ठा कुठला?"

"देवघरात पडला होता अक्का, सकाळी झाडताना. चांगला होता. गरम भांड्याखाली घेतला."

अप्पांचा चमचा क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू लागला.

३

आमदाराच्या घरात शाली कशा असतात ते बाहेरच्यांना माहीत नसतं. रोज सत्कार, रोज शाल. अप्पांच्या घरी एक कपाट भरून शाली आहेत. एवढ्या अंगावर घेऊन माणूस फिरेल कुठं, आणि तेही हुबळीच्या उन्हात? म्हणून आलेली शाल पुन्हा घडी करून पुढच्याच्या खांद्यावर जाते. काही शालींनी या मतदारसंघात आमदारापेक्षा जास्त दौरे केलेत. घडी नवी दिसावी म्हणून आत पुठ्ठा घालतात. पुठ्ठा नसेल तर शाल मऊ पडते आणि घेणाऱ्याला कळतं की आपण तिसरे.

हा पुठ्ठा शालीतला होता. देवघरात कुणीतरी जांभळी शाल उघडून तो बाहेर काढला होता. मग त्याच्या जागी काय गेलं?

कपाटातल्या शाली मी यल्लव्वाकडून काढून घेतल्या. सगळ्यांत पुठ्ठे होते आणि जांभळी एकही नव्हती.

"काल संध्याकाळी एक होती की," यल्लव्वा म्हणाली.

मी बाहेर ओट्यावर आले. "शेषगिरी, मास्तरांची शाल कुठल्या रंगाची?"

"जांभळी."

साडेअकरा वाजले होते. "चल," मी म्हटलं. "धारवाडला."

संदीप आडवा आला. "याला घेऊन? हा वाटेत पळाला तर?"

"माझ्याबरोबर पळेल. बावन्न वर्षांच्या बाईला घेऊन किती लांब जाणार?"

जीप, झेंडे काही नको म्हटलं, लोक मागं लागले असते. हुबळी-धारवाडची चिगरी बस पकडली. तिला रस्त्यात स्वतःची वेगळी वाट आहे, नवलूरच्या पुढं गाड्या अडकल्या होत्या त्यांच्या शेजारून सरळ निघाली. शेषगिरी खिडकीबाहेर बघत होता.

"अक्का, शालीत सापडला तर?"

"तर सापडला."

"ती शाल माझ्या हातानं गेलीय. सापडला नाही तरी चोर मी, सापडला तरी मीच."

मी त्याला पर्समधला आल्याचा तुकडा दिला.

४

वादिराज मास्तर सुभाष रोडच्या मागल्या गल्लीत, एका भांड्यांच्या दुकानावर राहतात. वय शहाऐंशी. गुडघे गेलेत, बाकी सगळं जागेवर आहे.

"मधूनं पुन्हा माणूस पाठवला?" ते म्हणाले. "शाल परत न्यायला आलात काय?"

"थोडा वेळ बघायला, सर."

त्यांनी कपाट दाखवलं. आत शालींची चळत, एकावर एक, एकही उघडलेली नाही. सगळ्यात वर जांभळी.

"तुम्ही वापरत नाही?"

"माझी घोंगडी आहे. शाल उघडली की घडी परत मला जमत नाही, म्हणून उघडतच नाही. मधू दर वेळी रागावतो. तुमच्या कपाटात ठेवलेली वस्तू पुढच्या निवडणुकीपर्यंत कुणाला दिसायची नाही, म्हणतो."

मी शाल खाटेवर ठेवली. उघडण्याआधी थांबले आणि घडीकडे नुसतं बघत राहिले. काठाचे गोंडे आत दुमडलेले, नक्षी बरोबर मधोमध वर आलेली. मग एकेक पदर उलगडला. आत, पुठ्ठ्याच्या जागी, सरळ सपाट, एकही दुमड न पडलेला, बी फॉर्म होता.

शेषगिरी भिंतीला टेकला. "अक्का, आईशप्पथ, मी नाही."

"माहीत आहे."

"कसं?"

"तुला कागद पळवायचा असता तर तो समोरच्यांकडे पोचला असता, मास्तरांच्या कपाटात नाही. आणि ही घडी तुझी नाही. घरी वहिनी आणि यल्लव्वा घडी घालतात तेव्हा गोंडे बाहेर लोंबतात. गोंडे आत घ्यायचे, म्हणजे गिऱ्हाईकांच्या हातानं त्यांचा गुंता होत नाही, ही आमच्या दुकानातली पद्धत. वीस वर्षं मी हेच बघितलंय. मला येतं, पण मी काल माझ्या घरी होते. संदीपला घडी माहीत नाही."

शेषगिरी हिशेब करत होता ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"पण का?" तो म्हणाला.

मास्तर खाटेवरून बोलले. "चौथीत असताना वर्गात कुणी पेन्सिल मागितली की मधू देऊन टाकायचा. मग बाकावर बोटानं लिहीत बसायचा. मी विचारलं, नाही म्हणता येत नाही? तर म्हणाला, सर, येतं, पण समोरच्याचं तोंड बघवत नाही."

घड्याळात पाऊण वाजला होता.

५

आम्ही परत आलो तेव्हा दोनला दहा कमी होते. फॉर्म माझ्या पर्समध्ये होता. संदीपला म्हटलं, पाच मिनिटं कुणी वर यायचं नाही. अप्पा वरच्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते. पांढरा शर्ट, खिशाला पक्षाचा बिल्ला, सगळं जय्यत.

मी फॉर्म त्यांच्या मांडीवर ठेवला.

"घडी छान घातली होतीत," मी म्हटलं. "हात अजून विसरला नाही."

अप्पा हसले, पण लगेच ओशाळले. "मास्तरांनी उघडली?"

"मी उघडली. फाडून का नाही टाकलात?"

"माझं नाव आहे गं त्यावर. फाडायला हात होईना. म्हटलं, कुठंतरी नीट राहू दे. तीन वाजून गेले की मीच म्हणणार होतो, अरे, शालींच्या गडबडीत चुकून गेला असेल. कुणावर आळ नको म्हणून तर शालीत घातला."

"आणि पत्रिका?"

"ती घाईत. हाताला लागली ती सारली."

"आळ आला, अप्पा. शेषगिरीवर. सकाळपासून तो चपला घालून बाहेर बसलाय आणि तुम्ही उप्पीट खाताय."

बाहेर ढोलवाल्यांनी उगाच एक थाप मारून बघितली.

"सकाळी बोलणार होतो," अप्पा म्हणाले. "पण मग सगळंच सांगावं लागलं असतं."

"आता सांगा. आधी मला."

"मला पुरे झालंय वेणू. दमलो नाही, तब्येत ठणठणीत आहे. कुणावर राग नाही. नाल्यावरचा पूल झाला, मुलींचं हॉस्टेल झालं, सभागृहात चार वेळा बोललो, त्यातल्या दोन वेळा लोकांनी ऐकलं. पंगतीतून पोट भरल्यावर उठतात की नाही, तसं वाटतंय. तर हे वाढतच आहेत. बेंगळुरूला सांगायला गेलो होतो, देवाशप्पथ. तिथं दारातच हार घातला. हार घातलेल्या माणसानं नाही कसं म्हणायचं?"

मला हसू येत होतं आणि त्यांच्या डोक्यावरून हात फिरवावासाही वाटत होता. दोन्ही आवरलं.

"अप्पा, दोन रस्ते आहेत. खाली जाऊन हे तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते. कागद सापडला एवढंच सांगून भागणार नाही, कारण मग तो कुणी लपवला ते सगळे शेषगिरीकडे बघून ठरवतील."

"नो..." ते म्हणाले, आणि माझ्या तोंडाकडे बघून पुढचं गिळलं. खुर्चीतून उठले. जिन्यापर्यंत गेले आणि कठडा धरून उभेच राहिले.

खालून संदीप ओरडला, "अप्पा, सव्वादोन!"

६

जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून अप्पांनी सगळं सांगितलं. शाल, पुठ्ठा, पत्रिका, काहीही न वगळता. शेवटी म्हणाले, "मला उभं राहायचं नाही. नाही म्हणजे नाही." आणि एवढे घामाघूम झाले की यल्लव्वानं पदरानं वारा घातला.

मग ते शेषगिरीपुढं आले आणि दोन्ही हात जोडले. शेषगिरीनं ते धरून खाली केले. "अप्पा, असं करू नका हो. मला रडू येतं, मग बीपी वाढतो."

"संदीप, त्याचा फोन दे," अप्पा म्हणाले. "आणि नीट बोल."

संदीपनं फोन दिला. कान लाल झाले होते. "शेषगिरी, चुकलो बा. मुलीच्या साखरपुड्याला कार्यालय मी बघतो." मग एक श्वास घेऊन म्हणाला, "पण अप्पा, आता काय? मी भरू अर्ज?"

"तुझं नाव फॉर्मवर नाही," शेषगिरी म्हणाला. त्यानं चष्मा लावला होता आणि तो पुन्हा पीए झाला होता. "फॉर्मवर दोनच नावं असतात. एक उमेदवार, आणि त्यानं माघार घेतली किंवा त्याचा अर्ज बाद झाला तर पर्यायी. पर्यायीचं नाव आपण दर वेळी नुसतं रीत म्हणून घालतो." त्यानं बोट फिरवलं आणि थांबला. "शालिनी मधुकर मुधोळे."

सगळे स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले. वहिनी हात पुसत उभ्या होत्या.

"माझं नाव? कधीपासून?"

"पहिल्यापासून, वहिनी. अर्जावर तुमची सही घेतो की दर वेळी. परवाही घेतली."

"मला वाटायचं ते बँकेचं काहीतरी आहे."

"अप्पांनी आणि तुम्ही दोघांनी आत्ता अर्ज भरायचे," शेषगिरी भराभर बोलत होता. "माघारीच्या दिवशी अप्पा मागं घेतील. मग पक्षाच्या उमेदवार तुम्ही. तुम्ही नको म्हटलं तर कुणीच नाही."

अप्पा वहिनींपुढं जाऊन उभे राहिले. "पंधरा वर्षं विचारलं नाही. आज विचारतो. राहशील?"

"आणि मी ओटी बोललेय त्याचं काय?"

"ती मी उभा राहू नये म्हणून होती. देवीनं ऐकलं."

यल्लव्वा फस्सकन हसली. वहिनी हसल्या नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत त्या म्हणाल्या, "मला राजकारणाचा कंटाळा आहे असं तुम्हाला वाटतं. मला तुमच्या त्या नोडोणचा कंटाळा आहे. पुढच्या दारी तुम्ही बघूया म्हणता, मग माणसं मागच्या दारी येऊन मला विचारतात, वहिनी, होणार की नाही ते तरी सांगा. होणार नसेल तर मी तसं सांगते. ऐकून घेतात बिचारी, चहा पिऊन जातात. हे मी तिथं जाऊन करायचं म्हणता?"

"हेच," अप्पा म्हणाले.

"मग सकाळी येणाऱ्यांना चहा कोण देणार?"

"मी."

दोन वाजून तेवीस मिनिटं झाली होती. वहिनी आत गेल्या आणि चार मिनिटांत निळी इरकल नेसून आल्या. केस तसेच होते. संदीपनं स्वतः गाडी काढली आणि ढोलवाल्यांना काही न कळताच ते वाजवत सुटले. अप्पांचा अर्ज दोन चौरेचाळीसला घेतला, वहिनींचा दोन बावन्नला. पक्षाच्या अध्यक्षांचा रागानं फोन आला तो वहिनींनी घेतला, आणि काय बोलल्या ते माहीत नाही, पण दुसऱ्या बाजूनं नंतर बराच वेळ 'हो वहिनी, हो वहिनी' ऐकू येत होतं.

माघारीच्या दिवशी अप्पांबरोबर मी गेले. अकरा वाजता कचेरीत चौघेजण रांगेत होते, सगळ्यांचे चेहरे पडलेले. अप्पांनी आदल्या दिवशी बसून अर्धं पान लिहून आणलं होतं, माघार का घेतो त्याचं. पाच वेळा खोडून लिहिलेलं.

खिडकीतल्या कारकुनानं ते परत दिलं. "साहेब, याची गरज नाही. या अर्जात कारणाचा रकानाच नसतो. सही करा, झालं."

अप्पांनी सही केली, पण बाजूला होईनात. मागच्या माणसानं घसा खाकरला.

"रकाना नसू दे," अप्पा खिडकीत वाकून कारकुनाला म्हणाले. "तुम्हाला सांगतो. आमची ही जास्त बरी आहे."

कारकुनानं शिक्का मारला आणि म्हणाला, "पुढचे."